यंत्र चालते, खोली निवत नाही

वैशाख लागला की घरोघर एक तक्रार ऐकू येते. ज्यास आता लहानथोर सारेच ‘एसी’ म्हणतात ते वातानुकूलक यंत्र चालू आहे, पंखा फिरतो आहे, विजेचा आकडा चढतो आहे, आणि खोली मात्र निवत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडील जुन्या वाड्यातील माडी असो, बडोदे-हैदराबादेतील सदनिका असो, की गोमंतकातील एखाद्या देवस्थानच्या अग्रशाळेत यात्रेकरूंसाठी राखलेली खोली असो, तक्रार तीच. तिजवर सुचविला जाणारा उपायही बहुधा एकच असतो : ‘गॅस संपला असेल, भरून घ्या.’ गॅस भरला जातो, पैसे दिले जातात, आणि पुढील वैशाखात तोच प्रकार नव्याने सुरू होतो.

या उपायाच्या मुळाशी दोन समजुती आहेत. यंत्र थंडी तयार करते, ही पहिली. समईतील तेल जळावे तसा यंत्रातील गॅस हळूहळू जळून संपतो, ही दुसरी. या दोन्ही समजुतींस आधार नाही. थंडी नावाचा पदार्थ कोणत्याही यंत्राला निर्माण करता येत नाही. उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन टाकणे, एवढेच मनुष्याच्या हाती आहे. ही साधी गोष्ट नीट उमगण्यास शतके लागली. ती पायरीपायरीने कशी उमगत गेली हे जो जाणतो, त्यास आपल्या घरातील यंत्र कोठे अडले आहे हे शोधण्याची वाटही सापडते. कारण यंत्राच्या इतिहासातील प्रत्येक पायरीशी त्याच्या एकेका दोषाचे नाते आहे. तो इतिहास आणि त्यातून निघणारा व्यवहार, असे दोन्ही वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

आरंभ आपल्याच घरापासून करू. मातीच्या माठातील पाणी थंड होते ते माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता सोबत घेऊन जाते म्हणून. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची जुनी रीत याच तत्त्वावर उभी आहे. बाहेरची झळ ओल्या वाळ्यातून आत येताना आपली उष्णता त्या पाण्याला देऊन येते. मात्र ही ताटी माळव्यात आणि दख्खनच्या पठारावर जितकी गुण देते, तितकी कोकणच्या किनाऱ्यावर देत नाही. किनाऱ्यावरची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. तिच्यात आणखी पाणी उडून जाण्यास जागाच थोडी असते. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे एका मोठ्या शोधाचे बीज त्यातच सापडणार आहे.

वाळ्याहून अधिक खटाटोपाचे उपायही या देशात होते. अबुल फझलने ‘ऐन-इ-अकबरी’त सोऱ्याच्या योगे पाणी थंड करण्याची रीत नोंदली आहे. पाण्यात सोरा विरघळताना ते मिश्रण थंड पडते, आणि त्यात फिरविलेल्या भांड्यातील पाणीही त्यामुळे निवते. १५८६ च्या सुमारास अकबराचा मुक्काम पंजाबात असताना उत्तरेकडील पहाडांतून बर्फ आणविण्यास प्रारंभ झाल्याचेही तो सांगतो. पुढे १७७५ साली सर रॉबर्ट बार्कर याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे अलाहाबादेकडील बर्फ करण्याच्या देशी रीतीचे वर्णन ठेवले. जमिनीत उथळ खड्डे खणून त्यांत उसाच्या किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचे जाड अंथरूण करावयाचे, त्यावर उथळ मातीच्या परळांत पाणी ठेवावयाचे, आणि थंडीच्या दिवसांत निरभ्र, निवांत रात्री सकाळपर्यंत त्यावर बर्फाची पापडी धरू द्यावयाची. पाण्यातील उष्णता काही वाफेबरोबर आणि काही उघड्या आकाशाकडे निघून जाई. खालच्या अंथरुणामुळे जमिनीची ऊब वर येत नसे. ढग आले किंवा वारा सुटला की ती रात्र फुकट जाई. उष्णतेला जावयास वाट मिळाली तरच पदार्थ निवतो, हा नियम त्या कारागिरांनी पुस्तकावाचून जाणला होता.

एकोणिसाव्या शतकात बर्फ हा समुद्रापारच्या व्यापाराचा माल झाला. फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३ च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ नावाच्या जहाजावर सुमारे १८० टन बर्फ चढवून ते कलकत्त्यास धाडले. भुशात दाबून बसविलेल्या त्या बर्फाने विषुववृत्त दोनदा ओलांडले आणि सप्टेंबरात सुमारे १०० टन बर्फ सुखरूप उतरला. मुंबई व मद्रास येथेही असा बर्फ येऊ लागला आणि तो साठविण्यासाठी बर्फघरे उभी राहिली. मद्रासचे बर्फघर आजही उभे आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तेथे झाला होता, म्हणून आता ती वास्तू त्यांच्या नावाने ओळखली जाते.

तो व्यापार लयास गेला, पण त्याची एक खूण आपल्या घरातील यंत्रावर राहिली आहे. ‘दीड टनाचा एसी’ असे आपण म्हणतो तेव्हा तो टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता उचलण्याची शक्ती म्हणजे एक टन. दीड टनाचे यंत्र पूर्ण शक्तीने दिवसभर चालले तर सुमारे १,३६० किलो बर्फाचे काम करते. एवढी उष्णता खोलीतून काढून बाहेर टाकली पाहिजे. ती टाकण्याची वाट बंद झाली तर काय होईल, याचा अंदाज या एका आकड्यावरून बांधता येतो.

बर्फाच्या युगाचा आणखी एक दाखला आपल्या वाचकांस जवळचा वाटेल. मुंबईहून बडोदे, दिल्ली या वाटेने पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल १९२८ साली सुरू झाली. १९३४ साली तिला थंड हवेचा डबा जोडण्यात आला. त्या डब्याच्या तळाशी बर्फाच्या लाद्या भरलेल्या असत आणि पंख्याच्या साह्याने त्यांवरून निघालेली हवा प्रवाशांपर्यंत पोचविली जाई. बर्फ वितळत जाई तसतसा वाटेतील स्थानकांवर नवा भरावा लागे. समजा, एखाद्या स्थानकावर बर्फ मिळालाच नसता. तरी पंखा फिरतच राहिला असता, वाऱ्याचा झोतही येत राहिला असता, मात्र डबा निवला नसता. आपल्या घरातील ‘चालते पण थंड करीत नाही’ या तक्रारीचे मर्म येथे आहे. वारा खेळविणे आणि उष्णता उचलणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले चालू आहे एवढ्यावरून दुसरेही चालू आहे असे समजता येत नाही.

बर्फाची जागा यंत्राने घेतली ती मात्र बर्फाच्या मार्गाने नव्हे, माठाच्या मार्गाने. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे विल्यम कलेन या वैद्यकाच्या अध्यापकाने १७४८ च्या सुमारास एक प्रयोग केला. ईथर हा झटकन उडून जाणारा द्रव निर्वात भांड्यात उडू देऊन त्याने आसपासचे पाणी गोठविले. माठाच्या पाण्यापेक्षा कितीतरी वेगाने उडणारा पदार्थ घेतला की थंडीही तितक्याच वेगाने साधते, हे त्याने दाखविले. अडचण एवढीच होती की उडालेले ईथर वाया जाई. ती दूर केली जेकब पर्किन्स याने. १८३४ साली त्याने लंडनमध्ये ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात उडालेली वाफ पंपाने ओढून, दाबून, पुन्हा द्रवरूप करून पहिल्या ठिकाणी परत आणण्याची योजना होती. ऑस्ट्रेलियात जिलाँग येथे वृत्तपत्र चालविणाऱ्या जेम्स हॅरिसन याने १८५० नंतरच्या दशकात अशा यंत्राने बर्फ करून तो व्यवहारात आणला. त्याच सुमारास फ्लॉरिडातील अपालाचिकोला गावी डॉक्टर जॉन गॉरी हा तापाने तळमळणाऱ्या रोग्यांच्या खोल्या थंड ठेवण्यासाठी धडपडत होता. त्याने हवा दाबून व पुन्हा पसरू देऊन बर्फ करणाऱ्या यंत्राचे पेटंट १८५१ साली मिळविले. परंतु त्यास भांडवल देणारा कोणी भेटला नाही आणि १८५५ साली तो विपन्नावस्थेत वारला. रोग्याला गारवा मिळावा एवढ्यासाठी झिजलेल्या या वैद्याचे स्मरण वातानुकूलित रुग्णालयांच्या आजच्या काळात कृतज्ञतेने झाले पाहिजे.

पर्किन्सच्या योजनेतील चार टप्पे आजच्या एसीत जसेच्या तसे आहेत. खोलीतील युनिटमध्ये तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे वेटोळे असते, त्यास कॉइल म्हणतात. तिच्यात थंड द्रव उडून त्याची वाफ होते व त्या वेळी ती खोलीच्या हवेतील उष्णता उचलते. ही वाफ बाहेरच्या युनिटमधील कॉम्प्रेसरकडे जाते. तो तिला दाबतो तशी ती खूप तापते. मग ती बाहेरच्या कॉइलमध्ये शिरते, तेथे बाहेरचा पंखा तिची उष्णता मोकळ्या हवेत उधळून देतो आणि वाफेचा पुन्हा द्रव होतो. शेवटी तो द्रव एका अतिशय अरुंद वाटेतून सोडला जातो, त्याचा दाब एकदम उतरतो, तो थंडगार होतो आणि पुन्हा खोलीकडे निघतो. रहाटगाडग्याची पोहरी विहिरीतून पाणी घेऊन वर येते, रिकामी होते आणि पुन्हा खाली जाते. पोहरी काही खर्च होत नाही. यंत्रातील गॅसही त्या पोहऱ्यासारखाच आहे. तो जळत नाही, झिजत नाही, संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, याखेरीज दुसरा अर्थ निघत नाही.

येथवर हकीकत झाली ती बर्फ करणाऱ्या यंत्रांची. माणसाच्या श्वासोच्छ्वासाची हवा हाताळण्याचा प्रश्न निराळा होता, आणि तो सुटला माणसाच्या सुखासाठी नव्हे, कागदासाठी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यात रंगीत छपाई चाले. दमट दिवसांत कागद फुगे, कोरड्या दिवसांत आक्रसे, आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. १९०२ च्या जुलै महिन्यात विलिस कॅरियर या पंचवीस वर्षांच्या इंजिनिअरने त्यावर तोड काढली. थंड नळ्यांवरून हवा नेली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन गळून पडते. नळ्या किती थंड ठेवावयाच्या हे ठरविले की हवा किती कोरडी होईल हेही ठरविता येते. ‘एअर कंडिशनिंग’ हे नाव चार वर्षांनी, १९०६ मध्ये, स्टुअर्ट क्रेमर याने कापड गिरण्यांतील हवेच्या संदर्भात दिले. म्हणजे या यंत्राचा जन्म झाला तो हवेतील ओलावा आवरण्यासाठी. गारवा त्याच्या जोडीने आला.

वाळ्याच्या ताटीचा जो भेद आम्ही वर सांगितला तो येथे उपयोगी पडतो. एक लिटर पाण्याइतके बाष्प हवेतून काढावयाचे तर जी उष्णता उचलावी लागते, तितक्या उष्णतेने सुमारे आठ लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापविता येईल. म्हणून गोव्यात किंवा कारवारच्या किनाऱ्यावर यंत्राच्या शक्तीचा मोठा वाटा पाणी काढण्यातच खर्ची पडतो. दार उघडे राहिले किंवा खिडकीची फट बुजली नसली तर बाहेरचे बाष्प आत येत राहते. यंत्र पाणी काढीत बसते आणि तापमान उतरत नाही. अशा वेळी निचऱ्याच्या नळीतून पाण्याची धार भरपूर येत असते. यंत्र काम करीत असल्याची ती खूण होय. दोष खोलीचा असतो, यंत्राचा नव्हे.

कॅरियरच्या थंड नळ्यांतच दुसरा एक दोष दडलेला आहे. कॉइलवरून पुरेशी हवा वाहत राहिली तर नळ्या बेताच्या थंड राहतात. फिल्टरवर धुळीचा थर बसून हवा अडली तर नळ्यांना उचलावयास उष्णताच मिळत नाही. त्या शून्याखाली जातात आणि सुटणारे पाणी त्यांवरच गोठते. बर्फाचा तो लेप उरलीसुरली हवाही अडवितो. यंत्रात बर्फ जमला आहे आणि खोली तापते आहे, असा हा विपरीत देखावा असतो. गॅस कमी झाला तरीही असा बर्फ धरतो. म्हणूनच बर्फ दिसताच गॅसला दोष देण्यापूर्वी फिल्टर पाहिला पाहिजे.

आता त्या गॅसचाच इतिहास पाहू, कारण जिवाशी गाठ आहे ती तेथे. आरंभीच्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मेथिल क्लोराइड असे विषारी पदार्थ वापरीत. नळी फुटली तर झोपलेले कुटुंब गुदमरून मरे. बर्लिनमधील अशाच एका दुर्घटनेची बातमी वाचून आल्बर्ट आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड या दोघा शास्त्रज्ञांनी जेथे गळती होऊच नये असे शीतयंत्र योजण्यात कित्येक वर्षे घालविली, हे पुष्कळांस ठाऊक नसते. व्यापारात यश आले ते दुसऱ्या मार्गाला. १९२८ साली अमेरिकेत टॉमस मिजली आणि त्याचे सहकारी यांनी विषारी नसलेला व पेट न घेणारा गॅस तयार केला; तोच पुढे फ्रीऑन नावाने गाजला. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने तो गॅस छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून त्याची निर्धोकता दाखवून दिली. वातानुकूलन घरात शिरू शकले ते या गॅसमुळे.

माणसास निरुपद्रवी ठरलेला तो गॅस आकाशास मात्र मानवला नाही. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिले की असे गॅस वर जाऊन तेथील ओझोनच्या थराचा नाश करतात. १९८५ साली दक्षिण ध्रुवावर त्या थराला पडलेले खिंडार इंग्रज संशोधकांनी जाहीर केले. १९८७ साली माँट्रियल येथे राष्ट्रांचा करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. पुढे ओझोनला न दुखावणारे गॅस आले. पण तेही पृथ्वीची उष्णता कोंडून धरतात असे आढळल्यावर २०१६ साली किगाली येथे त्यांच्यावरही मर्यादा ठरली आणि भारताने २०२१ मध्ये तिला संमती दिली. आज पुष्कळ घरगुती यंत्रांत असलेला आर-३२ हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेसातशे पट उष्णता कोंडतो. शिवाय तो थोडाफार पेट घेणारा आहे, आणि काही यंत्रांतील आर-२९० म्हणजे तर चक्क प्रोपेन होय. तेव्हा गळती न शोधता दरवर्षी गॅस भरून घेणे याचा अर्थ असा की भरलेला गॅस वर्षभरात आकाशात सोडावयाचा, त्याचे पैसे मोजावयाचे, आणि घरात धोकाही बाळगावयाचा.

गळती घरातल्या यंत्रालाच इतकी का भोवते, याचेही उत्तर इतिहासात आहे. थंड हवा प्रथम आली ती नाट्यगृहांत व राजवाड्यांत. न्यूयॉर्कचे रिव्होली चित्रपटगृह १९२५ मध्ये थंड झाले. आपल्याकडे इंदुरास महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० नंतरच्या काळात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून बांधविलेला माणिकबाग राजवाडा हा वातानुकूलनाची सोय असलेल्या भारतातील आरंभीच्या निवासांत गणला जातो. पुढे खिडकीत बसणारी यंत्रे आली. अमेरिकेत १९४७ साली अशी सुमारे ४३,००० यंत्रे विकली गेली. खिडकीच्या यंत्रात सगळ्या नळ्या कारखान्यातच जोडून बंद केलेल्या असत. एक भाग आत व एक बाहेर अशी दुभंगलेली ‘स्प्लिट’ यंत्रे १९६० नंतर जपानातून पुढे आली आणि खोलीतील आवाज गेला. परंतु तिच्या दोन भागांना जोडणाऱ्या नळ्यांचे सांधे कारखान्यात होत नाहीत. ते आपल्या घरी, भिंतीपाशी उभा राहून मेकॅनिक करतो. त्याच्या हाताची सफाई हीच तेथे गळतीविरुद्धची हमी असते. किनाऱ्यावर यात खाऱ्या हवेची भर पडते; ती बाहेरच्या कॉइलच्या पातळ पात्या व नळ्या पोखरते.

एवढी पूर्वपीठिका ध्यानात घेतल्यावर घरमालकाने काय पाहावे हे सांगणे सोपे आहे. उष्णता ज्या वाटेने जाते त्याच वाटेने तपासणी करीत जावे.

पहिल्याने रिमोट पाहावा. यंत्र नुसत्या पंख्यावर किंवा ‘ड्राय’वर नसून ‘कूल’वर आहे ना, आणि ठरविलेले तापमान खोलीच्या तापमानाहून कमी आहे ना, याची खात्री करावी. यंत्र बंद करून लगेच चालू केले असेल तर कॉम्प्रेसर सुमारे तीन मिनिटे थांबून मगच सुरू होतो. त्याच्या रक्षणासाठी तशी व्यवस्थाच असते. मग पंधरा मिनिटांनी साधा तापमापक घेऊन यंत्रात शिरणारी आणि त्यातून निघणारी हवा मोजावी. दोहोंत आठ ते बारा अंशांचे अंतर असेल तर यंत्र आपले काम बजावीत आहे असे समजावे. आणि मग पश्चिमेचे ऊन, उघड्या फटी, माणसांची दाटी, किंवा मोठ्या खोलीस लहान यंत्र, यांकडे वळावे.

अंतर कमी असेल तर यंत्राची वीज बंद करून फिल्टर काढावा. साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. उन्हाळ्यात हे दर दोन-तीन आठवड्यांनी केले पाहिजे. आत कॉइलवर बर्फ दिसला तर तो खरवडू नये. यंत्र केवळ पंख्यावर ठेवून वितळू द्यावा, आणि स्वच्छ फिल्टर लावल्यावर पुन्हा धरतो का ते पाहावे. पुन्हा धरला तर मेकॅनिकला बोलवावे.

नंतर बाहेरच्या युनिटकडे जावे. सुरक्षित उभे राहता येईल अशा जागेवरूनच हे पाहावे. छज्जावर उतरू नये, खिडकीतून ओणवू नये. तेथून निघणारा वारा बाहेरच्या हवेहून स्पष्टपणे गरम लागतो का, हा एक प्रश्न बाकी दहा प्रश्नांचे काम करतो. गरम लागत असेल तर उष्णता वाहिली जात आहे. पंखा फिरत असून वारा गरम लागत नसेल तर कॉम्प्रेसर चालत नाही, किंवा गॅस कमी आहे. पंखाच फिरत नसेल तर उष्णता बाहेर टाकली जात नाही, आणि थोड्या वेळाने कॉम्प्रेसर तापून आपोआप थांबतो. कॉम्प्रेसर गुरगुरून बंद पडत असेल तर बहुधा त्याला चालना देणारा कपॅसिटर निकामी झालेला असतो किंवा विजेचा दाब उतरलेला असतो. कपॅसिटर स्वस्त असतो, पण वीज बंद केल्यावरही तो भार धरून ठेवतो. म्हणून घरच्या माणसाने त्यास हात लावू नये. बाहेरच्या कॉइलवर धूळ साचली असेल, समोर सामान रचले असेल, किंवा शोभेसाठी जाळीदार पेटीत युनिट कोंडले असेल, तर गरम वारा तेथेच घोटाळतो आणि पुन्हा आत ओढला जातो. ग्वाल्हेरच्या ४५ अंशांच्या दुपारी एवढी अडचणही यंत्राला पुरेशी होते. जळका वास आला, किंवा विजेचे बटण पुन:पुन्हा पडू लागले, तर यंत्र बंद ठेवावे. त्यात प्रयोग करू नये.

इतके पाहून झाल्यावर मेकॅनिक आला आणि त्याने गॅस कमी असल्याचे सांगितले, तर त्याच्याशी सौजन्याने, पण ठामपणे चार गोष्टी बोलाव्यात. गळती कोठे आहे ते दाखवावे. सांध्यांवर साबणाच्या पाण्याचे बुडबुडे येतात, तेलाचा ओशट डाग दिसतो. ती आधी दुरुस्त करावी. नळ्यांतील हवा आणि ओलावा पंपाने काढून टाकून निर्वात करावे. आणि यंत्राच्या पट्टीवर लिहिलेलाच गॅस, लिहिलेल्याच वजनाने, काट्यावर मोजून भरावा. उन्हातान्हात छज्जावर लटकून काम करणाऱ्या त्या माणसाचाही यात लाभ आहे. पेट घेणाऱ्या गॅसशी घिसाडघाई केली तर पहिला घाव त्याच्यावरच पडतो. म्हणून त्यास घाई करू नये, उभे राहण्यास नीट जागा द्यावी, आणि नीट केलेल्या कामाचे दाम देताना हात आखडता घेऊ नये.

शेवटी एक गोष्ट सर्वांहून महत्त्वाची. वातानुकूलित खोली ही बंद ठेवण्यासाठीच केलेली असते. तिच्यात वाऱ्याला आरपार वाट नसते. यंत्र थंड करीनासे झाले तर अशी खोली घरातील इतर जागेपेक्षाही अधिक तापू शकते. तिच्यात कोणी वृद्ध आजोबा-आजी, तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल तर ‘मेकॅनिक येतोच आहे’ म्हणून त्यांस तेथे थांबवू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, त्यांस ओसरीवर किंवा घरातील गार भागी आणावे, पाणी पाजावे, अंग ओल्या पंचाने पुसावे. बडबड किंवा सुस्ती दिसली, अंग भाजू लागले, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे. डॉक्टर गॉरीने ज्यांच्यासाठी आपले आयुष्य वेचले ते असेच तापाने पोळलेले लोक होते.

माठापासून एसीपर्यंतच्या या प्रवासात साधने बदलली, गॅस बदलले. नियम तेवढा बदलला नाही. उष्णतेला जावयास वाट दिली तर गारवा येतो आणि ती वाट जेथे अडते तेथेच यंत्राचा दोष असतो. पुढील वैशाखात ‘गॅस भरून घ्या’ हे शब्द कानी पडताच आमच्या वाचकांनी ‘गळती कोठे आहे?’ एवढा एक प्रश्न विचारला, तरी हा लेख लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.